वाङ्मयांतील वारांगना आणि वारांगनेचें वाङ्मय

पालघर व बोईसर-तारापूर या टापूंत पुस्तकांचीं दुकानें थोडीं, पण वाचणारीं घरें पुष्कळ आहेत. अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत यांच्या निमित्तानें महाराष्ट्राच्या चारी कोपऱ्यांतून जीं कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं, त्यांनीं आपापल्या गांवचा वाचनाचा नादहि बरोबर आणला. अशाच कांहीं घरांत पुस्तकें फिरतीं ठेवण्याचा एक लहानसा प्रघात आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुस्तकांची पिशवी एका घरून दुसऱ्या घरीं जाते. गेल्या पावसाळ्यांत त्या पिशवींत हंसा वाडकर यांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मकथन होतें. तें पहिल्याच घरीं अडलें. त्या घरच्या वहिनींनीं पिशवी परत पाठवितांना निरोप धाडला, "भावजी, पुस्तक वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. एका रात्रींत वाचून संपविलें. पण घरांत वयांत आलेली मुलगी आहे; हें कोणत्या फळीवर ठेवूं तेवढें सांगा."

निरोपांत कुत्सितपणा नव्हता, आणि म्हणूनच तो सहज झटकून टाकतां येईना. त्याचा विचार करीत असतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. त्याच घरच्या कपाटांत देवलांचीं 'मृच्छकटिक' व 'संशयकल्लोळ' हीं दोन्हीं नाटकें आहेत. जयवंत दळवींची 'महानंदा' ही कादंबरी आहे. आणि मुलांनीं वाचावें म्हणून मुद्दाम आणलेल्या संतचरित्रांत कान्होपात्रेचें चरित्र आहे. म्हणजे गणिकेच्या कथेला त्या घरीं मज्जाव नव्हता. हंसाबाई तर गणिकाहि नव्हत्या; त्या चित्रपटांतील नटी होत्या, मात्र त्यांचें घराणें सावंतवाडीकडील कलावंतिणींचें, आणि तें त्यांनीं पुस्तकांत लपविलेलें नाहीं. मज्जाव झाला तो ती कथा 'मी' म्हणून बोलूं लागली तेव्हां. दुसऱ्यानें सांगितलेली नायकिणीची गोष्ट म्हणजे वाङ्मय, आणि तिनें स्वतः सांगितलेली म्हणजे फळीचा प्रश्न, हा भेद आमच्या मनांत आला कोठून, तें थोडें मागें जाऊन पाहण्यासारखें आहे.

प्रथम नांवांचा घोळ उलगडला पाहिजे. संस्कृतांत गणिका, वारांगना, रूपाजीवा. मराठींत कलावंतीण, नायकीण, भावीण, मुरळी, जोगतीण, कसबीण. हे शब्द एकमेकांऐवजीं वापरण्याची आम्हांस संवय लागली आहे, पण ज्यांना ते लागू होते त्यांच्या दृष्टीनें त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. कलावंतीण गाणें-नाचणें शिकलेली. पुष्कळदां एकाच यजमानाशीं जन्मभर बांधलेली, परंतु त्याच्या घरचा उंबरा कधीं न ओलांडणारी. भावीण देवळाची सेवा करणारी. मुरळी खंडोबाला वाहिलेली. कसबीण बाजारांत बसणारी. या भेदांचें कायद्याला फारसें कौतुक नव्हतें. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें धंद्यांतील स्त्रियांनीं सरकारदरबारीं नांव नोंदवावें आणि ठरलेल्या वेळीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी असें फर्माविलें. गोऱ्या शिपायांचें आरोग्य राखणें हा त्यांतला मुख्य हेतु होता. १८८८ मध्यें तो कायदा रद्द झाला. पुढें मुंबई इलाख्यांत १९२३ चा वेश्याव्यवसाय-प्रतिबंधाचा कायदा आला, १९३४ मध्यें देवदासी-संरक्षणाचा आला, आणि स्वराज्यानंतर १९५६ मध्यें साऱ्या देशासाठीं अनैतिक व्यापाराला आळा घालणारा कायदा झाला. या सर्व कायद्यांतून तिच्याविषयीं पुष्कळ बोललें गेलें. सुधारकांनीं 'पतिता' हा शब्द रूढ केला. शब्द दयाळू आहे खरा, पण बाई पडली एवढेंच तो सांगतो. ढकललें कोणीं याविषयीं तो मौन पाळतो.

आमच्या रंगभूमीला या स्त्रीची किती गरज होती, हें देवलांच्या एका नाटकावरून चांगलें कळतें. मोलिएरच्या एका प्रहसनाच्या आधारें आर्थर मर्फी यानें १७६१ मध्यें इंग्रजींत 'ऑल इन द राँग' हें नाटक रचलें. त्यावरून देवलांनीं १८९३ मध्यें 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हें गद्य नाटक केलें, आणि पुढें १९१६ मध्यें पदें घालून त्याचेंच 'संशयकल्लोळ' झालें. मर्फीच्या नाटकांतील प्रेयसी चांगल्या घरची कन्या आहे. मराठींत येतांना ती नायकिणीची मुलगी रेवती झाली. कारण उघड आहे. लग्नाआधीं पुरुषाशीं मोकळेपणानें बोलणारी, त्याच्यावर रुसणारी, त्याला जाब विचारणारी प्रौढ तरुणी त्या काळच्या पांढरपेशा घरांत दाखविली असती, तर तें प्रेक्षकांना मुळींच खरें वाटलें नसतें. प्रेम करण्याइतकी मोकळी स्त्री रंगमंचावर हवी, आणि ती आपल्या घरांतली तर नको, या अडचणींतून रेवती जन्मली. ती गोड आहे, मानी आहे, आणि देवलांनीं तिला अश्विनशेटाच्या हातीं सन्मानानें दिली आहे, याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण नायकिणीच्या मुलीच्या जन्माची गोष्ट सांगावी म्हणून ती रंगमंचावर आलेली नाहीं. आमच्या घरच्या मुलींना जें बोलतां येत नव्हतें तें बोलण्यासाठीं ती आली आहे. शूद्रकाच्या वसंतसेनेचेंहि मोठ्या प्रमाणांत हेंच आहे. तिचें औदार्य चारुदत्ताच्या दारिद्र्याला शोभा आणतें, आणि शेवटीं तिला कुलवधूचें पद मिळालें म्हणजे प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो. वसंतसेनेच्या वाड्यांतील इतर मुलींचें पुढें काय झालें, हा प्रश्न नाटक विचारीत नाहीं.

याच्या उलट बाजूला कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची ही मुलगी. पंधराव्या शतकांत होऊन गेली. बेदरच्या बादशहाकडून मागणें आलें तेव्हां ती पंढरीस आली आणि विठ्ठलाच्या पायांशीं तिनें देह ठेवला, ही कथा अठराव्या शतकांत महिपतीनें 'भक्तविजया'त सांगितली. देवळाच्या आवारांतील तरटीच्या झाडाशीं तिची आठवण जोडलेली आहे. चरित्र महिपतीचें, अभंग मात्र तिचे स्वतःचे, आणि वीस-तीसच कां होईनात, ते वारकऱ्यांच्या तोंडीं राहिले आहेत. हीं दोन्हीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे फरक कळतो. चरित्रांत तिच्या रूपाचा बोभाटा आहे, बादशहाचे सांडणीस्वार आहेत, आईचा आग्रह आहे. अभंगांत ती आपली हीन याती बोलून दाखविते, आपलें भय बोलून दाखविते, परंतु तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्यांना तेथें जागा नाहीं. जो तिला विकत घेऊं पाहत होता, त्याच्याविषयीं सांगण्यासारखें तिच्यापाशीं पुष्कळ असेल. तिनें तें सांगितलें नाहीं. ज्याला ती शरण गेली त्याच्याशींच ती बोलते. वारकरी संप्रदायांतील बहुतेक स्त्रिया कोणा संताची बहीण, दासी किंवा शिष्या म्हणून ओळखल्या जातात. कान्होपात्रेच्या मागें असें कोणीहि नाहीं. १९३१ मध्यें गंधर्व नाटक मंडळीनें तिच्यावरील नाटक रंगभूमीवर आणलें आणि बालगंधर्वांनीं तिचें दुःख अवघ्या महाराष्ट्राला ऐकविलें. नायकिणीच्या मुलीचें दुःख पुरुषानें लुगडें नेसून सांगितलें तेव्हां कोणाच्याहि कपाटाची अडचण झाली नाहीं!

आतां हिराबाई पेडणेकर. माझ्या समजुतीप्रमाणें या सर्व प्रश्नाची किल्ली त्यांच्यापाशीं आहे. १८८५ सालीं सावंतवाडीकडील कलावंत घराण्यांत त्यांचा जन्म झाला. लहानपणींच पोरकें झाल्यावर मावशीनें त्यांना मुंबईस वाढविलें. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाकडून त्यांना गाण्याची तालीम मिळाली, आणि त्याबरोबरच त्यांना वाचनाचें व लिहिण्याचें वेड लागलें. मासिकांतून त्यांच्या कविता व गोष्टी येऊं लागल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनीं वाङ्मयगुरु मानलें. मुंबईंतील त्यांच्या घरीं त्या काळचे नामांकित नाटककार, कवि आणि गवई यांची ऊठबस असे. नव्या नाटकांचीं पदें तेथें गुणगुणलीं जात, चाली बसविल्या जात, वाद होत. त्या काळच्या रीतीप्रमाणें या मंडळींच्या कुटुंबांना त्या घरीं जातां येत नव्हतें, आणि हिराबाईंना त्यांच्या माजघरांत बोलावणें येणें शक्य नव्हतें. मराठी वाङ्मयाचा एक उमदा काळ अशा रीतीनें दोन घरांत विभागलेला होता.

१९०४ मध्यें, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, हिराबाईंनीं 'जयद्रथविडंबन' हें नाटक लिहिलें. त्यानंतर 'दामिनी' लिहिलें, आणि तें केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीनें रंगभूमीवर आणलें. पहिली मराठी स्त्री-नाटककार कोण, हा वाद मी येथें काढीत नाहीं. सोनाबाई केरकर यांचें 'छत्रपति संभाजी' १८९६ चें आहे, तेव्हां तो मान त्यांना द्यावा हें बरें. परंतु बाईनें लिहिलेलें नाटक एका मातब्बर कंपनीनें उभें करावें आणि लोकांनीं पैसे मोजून पाहावें, असा योग हिराबाईंच्या वांट्यास आला.

'जयद्रथविडंबन' हें नांवच जरा थांबून पाहावें. जयद्रथाची विडंबना म्हटली कीं वनपर्व आठवतें. पांडव शिकारीस गेलेले, द्रौपदी आश्रमांत एकटी, आणि सिंधुदेशाचा हा राजा, नात्यानें कौरव-पांडवांचा मेहुणा, तिला रथांत घालून पळवितो. पांडव त्याला गांठतात. दुःशलेचें कुंकू राहावें म्हणून त्याला जीवें मारीत नाहींत, पण भीम त्याचें डोकें भादरून पांच शेंड्या ठेवतो आणि 'मी दास आहें' असें त्याच्याकडून वदवितो. सावंतवाडीच्या कलावंत घराण्यांतील, नुकतीच विशींत पाऊल टाकणारी मुलगी नाटक लिहावयास बसते आणि साऱ्या महाभारतांतून हेंच नांव उचलते: परस्त्रीवर हात टाकणाऱ्या धनवंताची फजिती. योगायोग असेल. त्या काळीं पौराणिक विषयांचीच चलती होती, आणि कोणत्याहि नवशिक्या नाटककारानें तिकडेच धांव घेतली असती हेंहि खरें. तरीसुद्धां मला तो निव्वळ योगायोग वाटत नाहीं. जें स्वतःच्या नांवानें सांगतां येत नव्हतें तें द्रौपदीच्या नांवानें सांगतां येत होतें, आणि तसें सांगण्यांत तिला कोणाच्या दयेची याचना करावी लागत नव्हती.

पुढें हिराबाईंनीं मुंबई सोडली. गुहागर तालुक्यांतील पालशेत या गांवीं कृष्णाजी नेने यांच्यासह त्या राहूं लागल्या, लेखन थांबलें, आणि १९५१ मध्यें त्यांचा अंत झाला. आत्मचरित्राचा मोठा ग्रंथ मागें राहिला नाहीं. ज्यांची त्यांच्या घरीं ऊठबस होती, ज्यांनीं त्यांचें गाणें ऐकलें, त्यांतल्या कित्येकांच्या चरित्रांत व आठवणींत हिराबाई येतात; कोठें स्फूर्ति म्हणून, कोठें मोह म्हणून. १९७६ मध्यें वसंत कानेटकरांनीं 'कस्तुरीमृग' हें नाटक त्यांच्या जीवनावरून लिहिलें. म्हणजे नाटक लिहिणारी स्त्री अखेरीस नाटकांतलें पात्र झाली. कानेटकरांच्या नाटकाचें नांव ज्यांनीं ऐकलें आहे अशांपैकीं 'दामिनी' वाचलेले किती निघतील? त्यांचें जीवन आम्हांस हवें होतें, त्यांचें लेखन नको होतें, असें म्हटलें तर कठोर होईल. पण तें फारसें खोटें होणार नाहीं.

बंगालकडे पाहिलें असतां हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. विनोदिनी दासी ही कलकत्त्याच्या रंगभूमीवरील विख्यात नटी गणिकेच्या वस्तींतून आलेली. १८८३ मध्यें 'स्टार' नाटकगृह उभें राहिलें तें एका धनिकाच्या पैशांवर, आणि तो पैसा विनोदिनीनें त्याचा आश्रय पत्करल्यामुळें मिळाला. नव्या नाटकगृहाला तिचें नांव देण्याचें वचन सोबत्यांनीं दिलें होतें. गणिकेच्या नांवाचें नाटकगृह चालणार नाहीं म्हणून प्रत्यक्षांत 'स्टार' हें नांव नोंदविलें गेलें. पुढें थोड्याच वर्षांत, ऐन भरांत असतां, तिनें रंगभूमि सोडली. १९१२ मध्यें तिनें 'आमार कथा' या नांवानें आपली कहाणी लिहिली. तिचे गुरु गिरिशचंद्र घोष यांनीं प्रस्तावना लिहून दिली, पण तींत कित्येक खऱ्या गोष्टी गाळल्या आहेत असें वाटून शिष्येनें ती पसंत केली नाहीं. दुसरी लिहून देण्याच्या आधींच गिरिशबाबू वारले. गुरूची प्रस्तावना शिष्येनें नापसंत करावी, आणि तीहि अशा शिष्येनें, हा प्रसंग मला मूळ पुस्तकाइतकाच बोलका वाटतो.

१९२९ मध्यें मानदा देवी या नांवानें 'शिक्षिता पतितार आत्मचरित' प्रसिद्ध झालें, त्याचा खप झपाट्यानें झाला, आणि हें खरोखर कोणा पतितेनें लिहिलें कीं एखाद्या चतुर लेखकानें, हा वाद लगेच सुरू झाला. पुस्तकांतील प्रियकराच्या नांवानें त्याला उत्तर देणारें दुसरें पुस्तकहि निघालें. वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु त्या वादानें वाचकाची भूक कशाची होती हें उघड केलें. मिर्झा रुसवा यांची 'उमराव जान अदा' १८९९ ची. तींत लखनौची गणिका आपली हकीकत लेखकाला सांगते अशी योजना आहे. ती कादंबरी आहे हें ठाऊक असूनहि लोक उमरावचें घर कोणत्या गल्लींत होतें याचा शोध घेत राहिले. पुरुषानें रचलेल्या गणिकेवर विश्वास, आणि गणिकेनें लिहिलेल्या पुस्तकावर संशय, असा हा उलटा न्याय आहे.

ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांचें काय? त्यांचे शब्द सांपडतात ते बहुतेक कोर्टाच्या दप्तरांत. १९१७ मध्यें मुंबईस डंकन रोडवरील एका कुंटणखान्यांत अकूताई नांवाच्या स्त्रीचा छळ करून प्राण घेण्यांत आला. तो खटला त्या काळीं फार गाजला, आणि शहरांतील या व्यवहाराविरुद्ध कायदा करण्याच्या मागणीला त्यामुळें जोर आला. आज इतिहासकार त्या खटल्याकडे वळतात तें मात्र दुसऱ्या कारणासाठीं. त्याच घरांतील इतर स्त्रियांनीं साक्षी दिल्या: आपण तेथें कशा अडकलों, कोणाची नजर कशी असे, मार कोणाला व कां बसे. त्या आठवणी म्हणून लिहिलेल्या नाहींत. वकिलानें विचारलें तेवढेंच उत्तर. तरी कोणत्याहि कादंबरींत न आलेला कामाठीपुऱ्याच्या आसपासचा संसार त्या तुटक वाक्यांतून दिसतो. वाचतांना मनांत येतें कीं, वकिलानें आणखी एक-दोन प्रश्न विचारले असते तर!

दुसऱ्याच्या हातानें लिहिला गेलेला असाच एक कागद आमच्या या जिल्ह्यांतला आहे. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा झाला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. डहाणू, तलासरी, जव्हार, पालघर येथील वारली कुळांची स्थिति सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याच्या १९३९ मधील अहवालांत आली आहे. वेठ, मारहाण यांबरोबरच जमीनदार व त्यांचे हस्तक कुळांच्या बायकांना आपल्या वासनेचे बळी करतात, हें त्यानें सरकारी भाषेंत पण निःसंदिग्धपणें नोंदविलें. गोदावरी परुळेकर १९४५ मध्यें या भागांत आल्या, त्याच वर्षीं मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची मोठी परिषद भरली, आणि त्या लढ्याची हकीकत त्यांनीं १९७० मध्यें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहिली. तींतील 'लग्नगडी' हा शब्द एकदां वाचला कीं विसरत नाहीं. लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडें कर्ज काढावें आणि त्यापायीं नवरा-बायको दोघांनींहि त्याच्या घरीं राबत राहावें, अशी ही गुलामगिरी. आणि त्या घरांत बायकोवर धन्याचा हात पडला तर दाद मागण्यास जागा नाहीं. या बाईला कोणी वेश्या म्हटलें नाहीं, कारण तिला मोल मिळत नव्हतें. मोल नाहीं म्हणून नांव नाहीं, नांव नाहीं म्हणून नाटक नाहीं, कादंबरी नाहीं. मुंबईच्या गाडीनें दोन-तीन तासांच्या अंतरावर आमचे नाटककार वसंतसेनेच्या अलंकारांचें वर्णन करीत होते, आणि डहाणूच्या रानांत हें चाललें होतें. गोदावरीबाईंची लेखणी सच्ची आहे, तिला परक्याच्या दुःखाची चटक नाहीं. पण ती त्यांची लेखणी आहे. वारली स्त्रीला लिहिणें-वाचणें मिळण्यास आणखी एक पिढी जावी लागली.

मराठींत या घराण्यांविषयीं आंतून लिहिलें गेलें तें आधीं मुलांकडून. गोमंतकांत राजाराम पैंगीणकर यांनीं 'मी कोण?' असें रोखठोक नांव देऊन १९६९ मध्यें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. कलावंत समाजांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं आपल्या समाजाच्या सुधारणेसाठीं जन्म घालविला. पुस्तकाच्या नांवांतला प्रश्न शाळेंत बापाचें नांव विचारलें जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा आहे. १९९४ मध्यें डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें 'कोल्हाट्याचं पोर' आलें. आई तमाशांत नाचणारी. बापाच्या जागीं त्यांनीं आईचें नांव लावलें आणि तें मुखपृष्ठावर छापलें. त्यांत 'चिरा उतरणें' या विधीविषयीं, भावांच्या संसारासाठीं बहिणींच्या कमाईवर चालणाऱ्या घरांविषयीं जें लिहिलें आहे तें वाचून पांढरपेशा वाचक हादरला. मुलांनीं लिहिलेल्या या पुस्तकांचें मोल मी कमी करूं इच्छीत नाहीं. तरी तीं मुलांचीं आहेत. आई तेथें दुःखाचें मूळ आहे, कधीं क्षमेचा विषय आहे, कधीं रागाचा. शांताबाई लिहावयास बसल्या असत्या तर त्यांनीं आरंभ कोठून केला असता? कदाचित् ढोलकीवरून केला असता.

हंसाबाईंनीं मात्र स्वतः सांगितलें. 'माणूस' साप्ताहिकासाठीं अरुण साधू यांनीं तें शब्दबद्ध केलें, १९७० मध्यें पुस्तक झालें, आणि १९७१ मध्यें हंसाबाई वारल्या. नांव त्यांनीं आपल्याच १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटाचें घेतलें. त्यांचें सांगणें सरळ आहे. त्यांत स्वतःची कींव नाहीं आणि पश्चात्तापाचा देखावा नाहीं. दारू प्यालें ती प्यालें, घर सोडलें तें सोडलें. वहिनींना अडचण झाली ती बहुधा याच गोष्टीची. रेवतीला शेवटीं नवरा मिळतो, कान्होपात्रेला विठ्ठल मिळतो, महानंदेच्या नशिबीं करुण शेवट येतो. हंसाबाईंना काय मिळालें तें वाचकाला मापतां येत नाहीं. १९७७ मध्यें श्याम बेनेगल यांनीं त्यावरून 'भूमिका' हा चित्रपट केला, तो उत्तम आहे. तरी तेंहि एक रूपांतरच.

सांगणारीचा आवाज आणि लिहिणाऱ्याचा हात यांत अंतर राहतेंच, हें केरळांतील एका अलीकडच्या प्रसंगानें दाखविलें. नळिनी जमीला यांनीं २००५ मध्यें मल्याळम् भाषेंत लैंगिक कामगार म्हणून आपली आत्मकथा प्रसिद्ध केली. शब्दांकन दुसऱ्याचें होतें. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला; आणि एवढें यश पदरीं पडलें असतां बाईंनीं, या पुस्तकांत मी दिसत नाहीं, असें सांगून त्याच वर्षांत स्वतःच्या मनाजोगी दुसरी आवृत्ति तयार करून घेतली. विनोदिनीनंतर सुमारें नव्वद वर्षांनीं पुन्हां तेंच! दोघींनाहि जग काय म्हणेल याची भीति उरली नव्हती; त्यांची तक्रार शब्दांविषयीं होती. लेखकाला याहून मोठी तक्रार असूं शकत नाहीं.

महाराष्ट्रांत सांगलीच्या वस्तींतील स्त्रियांनीं १९९६ मध्यें 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' ही आपली संघटना उभी केली. 'संग्राम' या संस्थेच्या एड्सविषयक कामांतून ती वाढली. सुधारकांचा 'पतिता' सोडून त्यांनीं 'वेश्या' हाच शब्द पाटीवर घातला, याचें अनेकांना आश्चर्य वाटलें. पुढें सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखालीं या वस्तींतील मंडळींनीं स्वतः रंगमंचावर उभें राहून आपल्या घरांतील नातीं मांडलीं: आई, घरवाली, तिचा मालक आणि त्या मालकाची लग्नाची बायको. त्या शेवटच्या पात्राकडे माझें विशेष लक्ष वेधलें. देवलांच्या काळीं जीं दोन घरें एकमेकांच्या दारांत येऊं शकत नव्हतीं, तीं येथें एकाच रंगमंचावर आलीं, आणि आणणारी कोणी नाटक कंपनी नव्हती. या नाटकांत भांडण आहे, हिशेब आहे, विनोद आहे, पोरांच्या शाळेची काळजी आहे. रडणें फार थोडें आहे. करुणरस चाखण्यास जाणाऱ्याची तेथें निराशा होईल.

वहिनींना मीं उत्तर पाठविलें कीं, पुस्तक 'संशयकल्लोळा'च्या शेजारीं ठेवा. आणि 'दामिनी'ची प्रत कोठें हातीं लागली तर तिसरी जागा तिच्यासाठीं राखा. मुलीला आधीं देवल वाचूं द्या, मग हंसाबाई, म्हणजे एकीनें दुसऱ्याला काय उत्तर दिलें तें तिचें तिला दिसेल. पिशवी पुन्हां त्यांच्याकडे गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती आमच्याकडे आली, तेव्हां त्यांत बाकीचीं पुस्तकें होतीं. 'सांगत्ये ऐका' नव्हतें. मुलीचें अजून वाचून व्हावयाचें आहे, असा निरोप होता.